यहूदाचा राजा योशीया

पवित्र शास्त्रातील राजांची पुस्तके वाचू लागले म्हणजे पुष्कळ तरुण वाचकांस कंटाळा येतो. एक राजा गादीवर बसतो, देवाला न आवडणारी कृत्ये करितो, मरतो, आणि त्याचा पुत्र त्याच्या जागी येतो. पुढच्या अध्यायात पुन्हा तेच. नावेही परकी व उच्चारावयास कठीण. परंतु ह्या लांबलचक मालिकेत एक नाव असे आहे की, तेथे शाळेतील मुलाने थोडे थांबावे. तो राजा गादीवर बसला तेव्हा अवघा आठ वर्षांचा होता. आपल्या हायस्कुलातील अगदी खालच्या इयत्तेत बसण्याइतकाही तो मोठा नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी तो रणांगणात पडला. मधल्या एकतीस वर्षांत त्याने आपल्या देशातील मूर्तिपूजेवर जो घाव घातला, तसा त्याच्या आधीच्या अगर नंतरच्या कोणत्याही यहूदी राजाने घातला नाही. आणि असे असूनही त्याच्या मरणानंतर पंचवीस वर्षे पुरी होण्याच्या आतच त्याचे राज्य, त्याची राजधानी व त्याने शुद्ध केलेले मंदिर ही सर्व धुळीस मिळाली. एवढा सज्जन राजा, एवढे मोठे कार्य, आणि त्याचा शेवट असा का व्हावा, हा प्रश्न योशीयाचे चरित्र वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

योशीयाने इ. स. पू. ६४० पासून ६०९ पर्यंत राज्य केले. त्याचे राज्य लहानसे व डोंगराळ होते. दावीद व शलमोन ह्यांच्या काळी एक असलेले इस्राएल राष्ट्र शलमोनाच्या मरणानंतर दुभंगले. उत्तरेकडील दहा वंशांचे राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्याने बुडविले आणि तेथील लोकांस देशोधडीस लाविले. दक्षिणेकडे यरुशलेम राजधानी असलेले यहूदाचे राज्य तेवढे शिल्लक राहिले, तेही अश्शूरला खंडणी भरून. एका बाजूस मिसर व दुसऱ्या बाजूस फरात नदीकाठची बलाढ्य साम्राज्ये, अशा दोन जात्यांच्या तळ्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी त्या राज्याची स्थिती होती.

ह्या देशातील मूर्तिपूजा काय होती हे समजल्यावाचून योशीयाच्या कार्याचे मोल कळणार नाही. कनानात नाईलसारखी किंवा फरातसारखी मोठी नदी नाही. तेथील गहू, द्राक्षे व जैतून ही सारी आकाशातील पावसावर अवलंबून. पावसाची वाट पाहणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या देशातील जुन्या रहिवाश्यांची अशी श्रद्धा होती की, मेघ व वीज ह्यांचा स्वामी बआल हा देव होय. तो प्रसन्न असला म्हणजे पाऊस पडतो, तो मृत्यूच्या तावडीत सापडला म्हणजे भूमी करपते. ह्या बआलाविषयी पुष्कळ काळपर्यंत जगाला जी माहिती होती ती बहुतेक त्याच्या विरोधकांच्याच लिखाणातून मिळालेली होती. परंतु इ. स. १९२८ मध्ये सीरियाच्या समुद्रकिनाऱ्यानजीक रास शम्रा येथे एका शेतकऱ्याच्या नांगराला एक पुरातन कबर लागली, आणि पुढील वर्षापासून फ्रेंच संशोधकांनी तेथे खोदकाम आरंभिले, तेव्हा उगारित नावाचे एक संपूर्ण नगर उघडकीस आले. तेथील मातीच्या विटांवर कोरलेल्या कथा योशीयाच्या काळापूर्वी सहाशे वर्षांहून अधिक जुन्या आहेत. त्यांत देवांचा पिता एल, त्याची पत्नी अशेरा, समुद्राशी व मृत्यूशी झुंजणारा बआल, आणि त्याच्यासाठी लढणारी अनाथ देवी, ही सर्व मंडळी आढळते.

हे वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बआलाला भजणारे लोक सगळेच दुष्ट नव्हते. पुष्कळसे ते साधे, चिंताग्रस्त शेतकरी होते. शेजारचे लोक करीत होते तेच तेही करीत. पीक यावे, गुरे वाढावी, घरात मूल खेळावे, एवढीच त्यांची इच्छा. मग संदेष्ट्यांनी त्यांचा एवढा कडक निषेध का केला? कारण ह्या पूजेत देव आणि मनुष्य ह्यांचे नाते देवाणघेवाणीचे होऊन बसले होते. मनुष्याने अर्पण द्यावे आणि देवाने पाऊस द्यावा. शेजाऱ्याचे शेत कोणी बळकाविले काय, विधवेचा न्याय कोणी बुडविला काय, ह्याची विचारपूस बआल कधी करीत नसे. इस्राएलाला मिसरच्या दास्यातून सोडविणारा परमेश्वर मात्र ही विचारपूस करीत असे. त्याला केवळ अर्पण नको होते, त्याला मनुष्याचे आचरण हवे होते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. इस्राएल लोकांनी परमेश्वराला सोडून दिले होते असे नव्हे. त्यांनी त्याच्या शेजारी आणखी देव आणून बसविले होते. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रूद ह्या ठिकाणी इ. स. १९७५ व १९७६ मध्ये जे खोदकाम झाले, त्यात इ. स. पू. ८०० च्या सुमाराचे मोठाले मातीचे रांजण सापडले. त्यांवर लिहिलेल्या आशीर्वादवचनांत परमेश्वराच्या नावाबरोबरच अशेरेचेही नाव जोडलेले आहे. यहूदा प्रांतातील घराघरांच्या अवशेषांतून दोन्ही हातांनी वक्षःस्थळ धरलेल्या स्त्रीच्या लहान मातीच्या मूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. मंदिरात परमेश्वर व घरच्या कोनाड्यात ही मूर्ती, असा दुहेरी व्यवहार तेथे चालू होता असे दिसते.

ह्या सर्वांहून भयंकर प्रकार यरुशलेमाच्या तटाबाहेर, हिन्नोमपुत्रांच्या खोऱ्यात चाले. तेथे तोफेथ नावाच्या जागी मोलखाप्रीत्यर्थ मुलांना अग्नीत अर्पण करीत. त्याच कनानी वंशातील फिनिशियन लोकांनी वसविलेल्या, आजच्या ट्युनिशियातील कार्थेज नगरीत इ. स. १९२१ पासून अशीच एक जागा खणण्यात आली, आणि तान्ह्या मुलांची जळलेली हाडे भरलेली हजारो मडकी तेथे निघाली. ती सर्व मुले बळी दिलेली होती किंवा काय, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु यरुशलेमात जे घडत होते त्याविषयी संदेष्ट्यांनी मुळीच संदिग्ध भाषा वापरलेली नाही. असे करण्यास देवाने कधी सांगितले नव्हते, किंबहुना त्याच्या मनातही ते आले नव्हते, असे यिर्मयाने वारंवार बजाविले. आपल्याला जे सर्वांत प्रिय ते दिले म्हणजे देव वश होतो, ही समजूत मनुष्याला कोठवर नेते हे ह्या खोऱ्यात दिसत होते. ज्या बापाने आपले मूल त्या अग्नीत दिले तोही कदाचित रडतच घरी गेला असेल. आणि म्हणूनच ती समजूत अधिक क्रूर होय.

योशीयाचा आजा मनश्शे ह्याने पंचावन्न वर्षे राज्य केले. त्याचा बाप हिज्कीया ह्याने मोडलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरील पूजास्थाने, त्याने पुन्हा बांधिली. परमेश्वराच्या मंदिराच्या दोन्ही अंगणांत सूर्य, चंद्र व तारे ह्यांच्यासाठी वेद्या उभारिल्या. अशेरेची कोरीव मूर्ती खुद्द मंदिरात आणून ठेविली. आणि स्वतःच्या पुत्रालाही अग्नीतून नेले. अश्शूरच्या राजांच्या कोरीव लेखांत खंडणी देणाऱ्या मांडलिकांच्या यादीत मनश्शेचे नाव आढळते. इतिहासाचे दुसरे पुस्तक सांगते की, पुढे कैदेत पडल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. पण एका पिढीने पेरलेले दुसऱ्या पिढीला कापावेच लागते. त्याचा पुत्र आमोन बापाच्या पश्चात्तापाच्या नव्हे, तर पापाच्या मार्गाने गेला. दोन वर्षांतच त्याच्या चाकरांनी त्याला त्याच्याच वाड्यात ठार केले. लोकांनी त्या मारेकऱ्यांस शासन करून आमोनाचा आठ वर्षांचा मुलगा योशीया ह्यास गादीवर बसविले.

बाप असा, आजा असा, राजवाड्याच्या भिंती रक्ताने माखलेल्या, आणि देवाच्या मंदिरात मूर्ती! ह्या मुलाला चांगले वळण कोणी लाविले असेल? शास्त्र त्याच्या आईचे नाव तेवढे सांगते. ती बसकथ गावच्या अदाया नामक गृहस्थाची कन्या यदीदा. तिच्याविषयी अधिक काही लिहिलेले नाही. परंतु राजा लहान असता त्याच्या आसपास शाफान चिटणीस व हिल्कीया मुख्य याजक ह्यांच्यासारखी माणसे असावीत असे पुढील हकीकतीवरून वाटते. वयाच्या सोळाव्या वर्षी योशीया आपला पूर्वज दावीद ह्याच्या देवाचा शोध करू लागला. विसाव्या वर्षी त्याने मूर्ती काढून टाकण्यास आरंभ केला. त्याच्या पुढच्याच वर्षी अनाथोथ गावच्या याजककुळातील यिर्मया नावाच्या तरुणास संदेष्ट्याच्या कामाचे पाचारण झाले. राजा व संदेष्टा दोघेही तरुण होते. इकडे अश्शूरचे सामर्थ्यही खचत चालले होते, त्यामुळे लहानशा यहूदाला मान वर करण्यास थोडी मोकळीक मिळाली होती.

राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२२ मध्ये, त्याच्या आयुष्याला कलाटणी देणारी गोष्ट घडली. मंदिराची दुरुस्ती चालू होती. द्वारपाळांनी लोकांपासून जमविलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांना दिला जात होता, आणि ती माणसे इतकी प्रामाणिक होती की त्यांजकडे हिशेबही मागत नसत. ह्या कामात हिल्कीया याजकाला मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. त्याने ते शाफानाला दिले. शाफानाने पैशाचा हिशेब राजाला सादर केल्यावर, याजकाने मला एक पुस्तक दिले आहे असे सांगून ते वाचून दाखविले. हे पुस्तक म्हणजे आजच्या अनुवाद ग्रंथाचा मुख्य भाग असावा असे इ. स. १८०५ मध्ये दे वेट्टे नावाच्या जर्मन पंडिताने प्रतिपादिले, आणि तेव्हापासून बहुतेक विद्वानांचे मत तेच आहे.

देवाच्या घरात देवाचाच ग्रंथ हरवला होता, ही केवढी लाजिरवाणी गोष्ट! मंदिर होते, याजक होते, धूप जळत होता, सण होत असतील. पण ज्याच्या आधारे हे सर्व चालावयाचे तो ग्रंथ कोठे आहे ह्याची कोणास आठवणही नव्हती. तो ऐकताच योशीयाने आपली वस्त्रे फाडिली. राजाने वस्त्रे फाडावी ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. दुसऱ्यांचे दोष दाखविण्यासाठी त्याला ते पुस्तक वापरता आले असते. मनश्शेवर, आमोनावर, याजकांवर बोट ठेवून तो मोकळा झाला असता. त्याने तसे केले नाही. देवाचा कोप आपणांवर आहे, आपल्या वाडवडिलांनी ऐकले नाही आणि आपणही त्याच घराचे आहो, असे मानून तो देवापुढे रडला.

मग त्याने आपल्या प्रमुख माणसांस देवाची इच्छा विचारण्यासाठी पाठविले. यिर्मया व सफन्या हे संदेष्टे त्या काळी हयात असता ही मंडळी गेली ती वस्त्रभांडाराचा अधिकारी शल्लूम ह्याची पत्नी हुल्दा संदेष्ट्री हिच्याकडे. राजाचा मुख्य याजक व चिटणीस एका बाईच्या दाराशी देवाचे वचन ऐकावयास उभे राहिले, ही गोष्ट आपल्या मुलींनी विशेष ध्यानात ठेवावी. हुल्देने राजाची भीड धरिली नाही. ह्या नगरावर अरिष्ट येणार हे टळावयाचे नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. मात्र राजाचे मन कोमल झाले व तो देवापुढे नम्र झाला म्हणून ते अरिष्ट त्याच्या डोळ्यांदेखत येणार नाही, असेही कळविले.

येथे योशीयाची खरी परीक्षा झाली. नगर बुडणारच असे कळल्यावर हातपाय गाळून बसणारे पुष्कळ निघाले असते. आपल्या हयातीत तर काही होणार नाही, असे म्हणून सुखाने निजणारेही निघाले असते. योशीयाने यरुशलेमातील व यहूदातील सर्व वडील मंडळी, याजक व लहानथोर लोक मंदिरात जमविले, त्यांच्यासमोर ते पुस्तक स्वतः वाचून दाखविले, आणि स्तंभाजवळ उभा राहून देवाशी करार केला. फळ मिळो न मिळो, जे योग्य ते करावयाचेच, असा तो निश्चय होता.

नंतर शुद्धीकरणाचे काम झपाट्याने चालले. मंदिरातील बआल, अशेरा व नक्षत्रगण ह्यांची पात्रे किद्रोन ओहोळाजवळ जाळण्यात आली. अशेरेची मूर्ती जाळून तिचे चूर्ण करण्यात आले. मंदिराच्या आवारात स्त्रिया अशेरेसाठी जेथे वस्त्रे विणीत ती घरे पाडिली. मंदिराच्या प्रवेशद्वाराशी सूर्याला अर्पण केलेले घोडे होते ते काढून सूर्याचे रथ जाळिले. नगराच्या पूर्वेस टेकडीवर शलमोनाने आपल्या परदेशीय राण्यांसाठी अष्टोरेथ, कमोश व मिलकोम ह्यांची स्थाने बांधिली होती. ती तीनशे वर्षे तशीच उभी होती. शलमोनासारख्या थोर पूर्वजाचे काम मोडण्यासही योशीया कचरला नाही. हिन्नोमच्या खोऱ्यातील तोफेथ त्याने भ्रष्ट करून टाकिले, अशासाठी की कोणी आपला पुत्र अगर कन्या अग्नीत देऊ नये. त्याने दुसरे काही केले नसते तरी एवढ्या एका कृत्याने त्याचे नाव राहिले असते. उत्तरेस बेथेल येथे यराबामाने सोन्याच्या वासरासाठी उभारलेली वेदी होती, तिचाही त्याने विध्वंस केला. ह्यानंतर वल्हांडण सण पाळण्यात आला. शास्त्यांच्या काळापासून तसा सण झाला नव्हता.

योशीयाची कीर्ती येथेच संपत नाही. पुढे यिर्मयाने ह्या राजाच्या पुत्राची कानउघाडणी करिताना बापाची आठवण काढिली, तेव्हा मोडलेल्या मूर्तींचा उल्लेखही केला नाही. तुझा बाप न्यायाने वागला, त्याने दीनदुबळ्यांची दाद घेतली, आणि देवाला ओळखणे म्हणजे हेच, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. योशीयाच्या जन्मभराच्या कार्याची यिर्मयाने केलेली ही पारख आपण नीट ध्यानात घ्यावी. बआलाने जी विचारपूस कधी केली नाही तीच येथे महत्त्वाची ठरली.

परंतु चरित्रकाराने केवळ स्तुती करू नये. शोमरोन प्रांतातील उच्च स्थानांच्या याजकांना योशीयाने त्यांच्याच वेद्यांवर ठार केले. यहूदातील तशाच याजकांना मात्र त्याने यरुशलेमास आणून त्यांच्या अन्नाची सोय केली. पहिले कृत्य त्या कठोर युगाला धरून होते, पण ज्या प्रभूने पेत्राला तरवार म्यानात घालावयास सांगितले, त्याच्या शिष्यांना ते अनुकरणीय नाही. दुसरे असे की, ही सर्व सुधारणा राजाज्ञेने झाली. राजाने करार केला म्हणून लोकांनी केला. राजाने मूर्ती मोडिली म्हणून लोक गप्प राहिले. यिर्मयाने हे ओळखिले होते. यहूदा पूर्ण मनाने नव्हे, तर कपटाने देवाकडे वळली, असा त्याचा अभिप्राय त्याच्या ग्रंथात नमूद आहे. हातोडा दगडापर्यंत पोहोचला. मनापर्यंत पोहोचण्यास हातोड्याचा उपयोग नसतो.

योशीयाचा अंत अकस्मात झाला. इ. स. पू. ६१२ मध्ये बाबेल व मेदी ह्यांच्या सैन्यांनी अश्शूरची राजधानी निनवे घेतली. अश्शूरच्या उरल्यासुरल्या सैन्याच्या साहाय्यास मिसरचा फारो नखो इ. स. पू. ६०९ मध्ये फरातेकडे निघाला. योशीया त्याला मगिद्दो येथे आडवा गेला. आपले वैर तुझ्याशी नाही, असे नखोने कळविले असताही त्याने ऐकले नाही. तिरंदाजांच्या बाणांनी तो घायाळ झाला. त्याला रथात घालून यरुशलेमास आणिले, आणि तो मरण पावला. सर्व यहूदाने शोक केला, यिर्मयाने त्याच्यासाठी विलापगीत रचिले.

आता लोक काय म्हणाले असतील ह्याची कल्पना करा. ज्याने मूर्ती मोडिल्या तोच राजा भर तारुण्यात मारला गेला! पुढे कित्येक वर्षांनी मिसर देशात पळून गेलेल्या यहूद्यांनी यिर्मयाच्या तोंडावर सांगितले की, आकाशाच्या राणीला आम्ही धूप जाळीत होतो तेव्हा आम्हांस पोटभर अन्न होते. तो बंद केल्यापासूनच आमची दैना झाली. ही देवाणघेवाणीची बुद्धी योशीयाने मोडलेल्या एकाही वेदीबरोबर मोडली नव्हती. देवाची भक्ती केली म्हणजे संकट येत नाही, असे ते मानीत. संकट आले तेव्हा त्यांनी देव बदलला. सत्य हे सत्य असते, त्याचा भाव बाजारासारखा चढत उतरत नाही, हे त्यांस उमगले नाही.

योशीयाचा पुत्र यहोयाकीम ह्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. यिर्मयाच्या वचनांचा पट त्याच्यासमोर वाचण्यात आला. हिवाळा होता, राजासमोर शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. असे करिता करिता सगळा पट जळून गेला. बापाने ग्रंथ ऐकून आपली वस्त्रे फाडिली. मुलाने ग्रंथच फाडिला. पट जाळू नये म्हणून राजाची विनवणी करणाऱ्यांत शाफान चिटणीसाचा पुत्र गमऱ्या होता, आणि दुसऱ्या एका प्रसंगी यिर्मयाचा जीव वाचविणारा अहीकाम हाही शाफानाचाच पुत्र. चिटणीसाच्या घरात जे वळण टिकले ते राजाच्या घरात टिकले नाही. चांगल्या बापाची पुण्याई मुलास आपोआप मिळत नाही. प्रत्येकाने ती स्वतः मिळवावी लागते.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळिले. पण त्या आगीने एक चमत्कारिक उपकार केला. कागदपत्रांवर लाविलेल्या मातीच्या लहान मुद्रा त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या, आणि म्हणून टिकल्या. इ. स. १९८२ मध्ये यरुशलेमात अशा मुद्रांचा एक साठा सापडला. त्यांतील एकीवर शाफानाचा पुत्र गमऱ्या असे नाव आहे. योशीयाने सूर्याचे घोडे हलविले ते नथन-मेलेख नावाच्या अधिकाऱ्याच्या खोलीजवळचे, असे राजांचे पुस्तक सांगते. राजाचा सेवक नथन-मेलेख ह्याची मुद्रा सापडल्याचे इ. स. २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि तो हाच असावा असे अनेकांस वाटते.

ह्याहून अर्थपूर्ण वस्तू इ. स. १९७९ मध्ये हिन्नोमच्या खोऱ्यावरील उतारावर, एका जुन्या कबरेत सापडली. रुप्याच्या पातळ पत्र्याच्या दोन लहान गुंडाळ्या, योशीयाच्या काळाच्या सुमाराच्या. गळ्यात घालण्याच्या ताइतासारख्या. त्या मोठ्या कौशल्याने उलगडल्या तेव्हा गणना ग्रंथातील याजकांच्या आशीर्वादाचे शब्द त्यांवर कोरलेले आढळले. पवित्र शास्त्रातील वचनांचा ह्याहून जुना हस्तलेख अद्याप मिळालेला नाही. ज्या खोऱ्यात मुले जाळीत, त्याच खोऱ्याच्या कुशीत देवाच्या कृपेचे शब्द अडीच हजारांहून अधिक वर्षे सुरक्षित राहिले. तथापि त्या गुंडाळ्या ताइत होत्या हेही विसरू नये. देवाचे वचनही हृदयात न उतरविता नुसते गळ्यात बांधले, तर त्याचीही एक मूर्तीच होऊन बसते. यिर्मयाच्या काळच्या लोकांनी शुद्ध केलेल्या मंदिराचेही तसेच केले होते: मंदिर आहे, मग आम्हांस भय कसले, असे म्हणून ते खुशाल अन्याय करीत राहिले.

म्हणून योशीयाचे चरित्र वाचून आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचे आपणांस काही कारण नाही. संदेष्ट्यांचा कठोर शब्द मुख्यतः परक्यांवर नव्हता. तो देवाचे लोक म्हणविणाऱ्यांवर होता. नव्या करारात पौलाने लोभालाही मूर्तिपूजाच म्हटले आहे, आणि लोभाची मूर्ती कोनाड्यात नसते. मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत मनश्शे, आमोन व योशीया ही तिन्ही नावे ओळीने लिहिली आहेत. त्याच प्रभूने याकोबाच्या विहिरीजवळ शोमरोनी बाईला सांगितले की, खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करितील. त्यासाठी हा डोंगर किंवा ते यरुशलेम लागणार नाही. राजाज्ञेने जे घडू शकले नाही ते कसे घडावयाचे, ह्याचे उत्तर तेथे आहे.

विद्यार्थ्यांनो, योशीया तुमच्यापैकी पुष्कळांच्या वयाचा होता तेव्हा त्याने शोध आरंभिला. घरचे उदाहरण वाईट होते, ही सबब त्याने सांगितली नाही. फळ दिसणार नाही, हेही कारण त्याने पुढे केले नाही. ग्रंथ वाचला गेला तेव्हा त्याने पहिल्याने आपल्याकडे पाहिले. ह्या वर्षी जी पुस्तके तुमच्या हाती येतील, ती तुम्ही त्याच रीतीने वाचावी, एवढीच विनंती आहे.